अकरा मिनिटं आधी

— न्हाई काका, शोधला न्हाई, तेच तर सांगून राहिले कवापासून! शोधते ती दुर्बीण, आपोआप, रोज आभाळाचे फोटो काढून. कुठं नवा ठिपका दिसला की मग माझं काम — तो कशाचा हाय हे सांगायचं. आणि तुम्ही पत्रिकेवर छापून आणलं, ‘भोकरच्या लेकीनं तारा शोधला, बुद्धप्रियाचा विहारात भव्य सत्कार’. अमृतरावकाका, छापायच्या आधी एक फोन तरी करायचा! बसा, बसा, उठू नका. रागानं न्हाई बोलले. आई चहा टाकून राहिली.

कसं ओळखते म्हणता? हाव, लोक विचारतील, तुम्हाला ठाऊक पाहिजे. तारा मरताना फुटतो ना, त्याचा उजेड दुर्बिणीत घ्यायचा, इंद्रधनुष्यावानी पसरवायचा, आणि कोणत्या रंगाचा उजेड किती ह्याची रेघ काढायची. रेघेत खड्डे पडतात. खड्डा कुठं पडला त्यावरून कळतं, फुटलेल्यात काय काय होतं. सिलिकॉनचा खड्डा ठरल्या जागी दिसला की स्फोट पहिल्या जातीचा — जात न्हाई, प्रकार, आपल्या तोंडी तो शब्द नको — लई नेहमीचा प्रकार. ठरलं की जगाच्या यादीत टाकायचं, जो आधी टाकील त्याचं नाव लागतं. मी टाकलं. त्याच ठिपक्यावर टपलेले चिली देशातले दुर्बीणवाले मागं राहिले, अकरा मिनिटं! काय नाचले मी त्या दिवशी, काका.

खड्डा होता का? होता. जरा बाजूला होता, रुंद होता. सुकन्या हाय ना, चाकूरची, माझ्या हाताखाली पीएचडी करते — ती म्हणली, “ताई, हा सिलिकॉनचा वाटंना. चार दिवस थांबू, परत उजेड घेऊ.” चार दिवस! तवर चिलीवाले झोपणार होते का? मी म्हणलं, तू मला शिकवू नकोस. सगळ्यांसमोर म्हणलं.

पुढं काय व्हायचं? नेहमीचा म्हणल्यावर कोण बघतं त्याच्याकडं? मोठमोठ्या दुर्बिणी दुसरीकडं वळल्या. आणि तो नेहमीचा नव्हताच, काका! सुकन्यानं पुन्हा उजेड घेतला — मला न सांगता घेतला, बरं केलं — तर लई मोठा तारा, अंगावरचे सगळे थर फेकून मग फुटलेला. असा क्वचित गावतो. त्याचे पहिले पंधरा दिवस बघायचे असतात. ते गेले, माझ्यामुळं गेले. तोच तारा काय पुन्हा फुटणार हाय का?

दुरुस्ती टाकता येते, हाव. तिनं लिहून ठेवली हाय, तिचं नाव लागायला पाहिजे त्याच्यावर. मला पाठवली, ‘ताई, तुम्ही हो म्हणा, मग टाकते’. आठ दिवस झाले. मी तिला म्हणलं — जाऊ द्या, काय म्हणलं ते. न्हाई, सांगते. म्हणलं, रविवारचा सत्कार होऊ दे, मग बघू, तवर कुणाला कळतंय?

आणि आता तुम्ही म्हणून राहिले, सुरवातीला पंचशील बुद्धप्रियानंच म्हणावं, माइकवर, पोरीबाळी मागून म्हणतील. चार वर्षांची असल्यापासून म्हणते मी ते, झोपेत म्हणीन. पण चौथं शील आलं, ‘मुसावादा’, की — खोटं बोलणार न्हाई म्हणायचं, गळ्यात हार घालून, सगळ्या भोकरसमोर? आज सकाळी आईसंगं म्हणताना तिथंच गप झाले. आई म्हणली, विसरलीस का गं? मी म्हणलं, हाव, विसरले. बघा, तेबी खोटंच.

काय म्हणलात? — परत म्हणा. ‘रविवार होऊ दे, तवर कुणाला कळतंय?’ न्हाई, नका म्हणू परत. अगदी हेच, काका, ह्याच शब्दांत म्हणले मी त्या पोरीला. माझ्या तोंडून किती शहाणपणाचं वाटलं होतं मला! आणि ती नुसती ‘बरं ताई’ म्हणली.

चहा राहू द्या आता. त्या पत्रिका उचला, सगळ्या उचला. आणि तो माझा फोन द्या इकडं, तुमच्या मांडीजवळचा — सुकन्याला लावायचा हाय. जा तुम्ही, काका. जा म्हणते ना!