पाचटाची ऊब

आमी आधी ऊस तुटला की पाचट पेटवून मोकळं व्हायचो, राव. आता जाळायचं न्हाई, रानातच कुजवायचं, असं सरकारचं धोरण हाये. मी ऐकलं. मग फोटो काढायला कृषी सहायक आले. शेजाऱ्याच्या उभ्या उसालगत वाकले, पाचटावर हात ठेवला आन् लई खूश झाले.

"भाऊ, गरम लागतंय! कुजायला लागलं."

मी हात लावला. तिथं गरम, वीतभर पलीकडं गार. मग दिसलं, तेवढंच पाचट दबलेलं व्हतं, बसलेल्या वासराएवढं.

"सायेब, हे कुजलेलं न्हाई. आत्ताच कुनीतरी उठून गेलंय."

सायेब पांढरे पडले. बिबट्या जवळ असला तर पळायचं न्हाई, मोठ्यानं बोलत मागं सरकायचं, हे वनखात्यानं गावात शिकवलेलं. सायबांना दुसरं काय सुचंना.

"पाचटानं जमीन सुधारते!" ते वरडले.

"व्हय सायेब!" मी वरडलो.

"ओल टिकते!"

"व्हय सायेब!"

असं उसाच्या कडंकडंनं रस्त्याकडं सरकत व्हतो. मधी एकदाच सायेब दम घ्यायला थांबले. आमी थांबलो, तशी उसातली सळसळबी थांबली.