इंदूकाकूंचा नवस आणि डोक्यावरची सनई

मंडळी, ऐका! मागे खुर्च्या टाकून भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा ऐका. डुलकी नंतर काढा, आख्यान छोटं आहे.

आधी एक प्रश्न. माणसानं कुठलं मागणं देवाकडे न्यावं, आणि कुठलं नुसता जिना चढून वरच्या मजल्यावर न्यावं? सोपा वाटतो ना? मग गडहिंग्लजच्या इंदूकाकू पाटण्यांना तो वर्षभर का सुटला नाही?

काकूंचे दोन फ्लॅट. पहिल्या मजल्यावर त्या स्वतः, आणि बरोब्बर डोक्यावर भाडेकरू – पोस्टातले कारकून विलास गुरव आणि त्यांची बायको नंदा. दोघंही गरीब गाय. करार करताना काकूंनी सगळं विचारून घेतलं. कुत्रं आहे का? पाहुणे किती येतात? भिंतीला खिळे ठोकता का? एकच राहिलं – वाजवता काय? अहो, पण असं कोण विचारतं?

विलासरावांचे वडील नावाजलेले सनईवाले. ते गेले आणि सनई आली मुलाकडे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. सनई आली मंडळी, वाजवायला यायचं राहिलं होतं! रोज पहाटे पाच ते सात. लग्नातली सनई तुम्ही ऐकलीय. शिकाऊ सनई ऐकलीय का? तेल न घातलेलं देवळाचं दार – धड उघडत नाही, धड मिटत नाही, नुसतं किंचाळतं!

काकूंनी काठीनं छत ठोकलं. वर विलासरावांना वाटलं, काकू ठेका धरतायत. त्यांनी लय वाढवली!

आता हसू जरा बाजूला ठेवा. काकूंची मेघना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पहिलं म्हणायचं, पण आधी दोनदा आशा लागून मोडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं – औषधं एकीकडे, झोप एकीकडे. आणि झोपायची खोली नेमकी त्या सनईच्या खाली.

अकरा महिन्यांचा करार संपला त्या दिवशी त्या वर गेल्या.

"विलासराव, घर सोडा."

"सोडतो की काकू. बघतोयच दुसरं. पण सनई म्हटलं की लोक दारातूनच पाणी पाजून परत पाठवतात."

"मग सांगता कशाला?"

"खोटं कसं बोलायचं?"

"मला कुठं सांगितलं होतंत?"

"तुम्ही विचारलंच नव्हतं."

झालं! काकू सोसायटीच्या सेक्रेटरी बागेवाडींकडे. बागेवाडी म्हणाले, "भाडेकरू तुमचा, सोसायटीचा नव्हे. आणि खरं सांगू का, मी चौथ्या मजल्यावर. तिथवर येईस्तोवर बरी वाटते." काकू चौकीत. हवालदार म्हणाले, "काकू, मंगल वाद्य आहे ते. त्याच्यावर तक्रार लिहून घेतली तर माझ्या पोरीचं लग्न जुळायचं नाही." काकू वकिलांकडे.

"दावा लावू. निकाल आपल्याच बाजूनं लागेल."

"कधी?"

"नातवंड व्हायचंय ना तुम्हाला? ते दहावीला बसेल तेव्हा."

सगळे माणसांचे दरवाजे बंद. मग आपण कुठं जातो? बरोबर! चैत्रातल्या मंगळवारी काकू मरगूबाईच्या देवळात. पदर पसरला आणि म्हणाल्या, "आई, मेघना यायच्या आत माझं वरचं घर रिकामं कर. वाजतगाजत तुझी ओटी भरीन."

आठ दिवसांत नंदा खाली आली.

"काकू, आम्ही शनिवारी हलतोय. लाकडाच्या वखारीमागं खोली मिळाली. दिवसभर करवत चालते. तिथं ह्यांची सनई म्हणजे अंगाई."

"एकदम कसं काय?"

"भाजीवाल्या मावशीनं सांगितलं, मेघनाताईंना झोप सांगितलीय म्हणून. काकू, वर्षभर आम्हाला एवढं बोललात. एवढंच तेवढं का नाही बोललात? हे म्हणाले, आधी कळलं असतं तर तालमीला नदीवर गेलो असतो."

सेक्रेटरीला सांगितलं, चौकीत सांगितलं, देवीला सांगितलं. जो सनई फुंकत होता त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं.

घर रिकामं झालं, मेघना आली, गाढ झोपूही लागली. आणि काकूंनी देवीशी हुज्जत घालायला सुरुवात केली! "आई, ते तर आपणहून गेले. तुझा काय संबंध?" नवस फेडायची वेळ आली की आपण सगळेच वकील होतो, नाही का? पण मेघनाच्या पायांना सूज चढायला लागली, दिवस भरत आले, आणि काकूंची वकिली संपली. फेडायचा, आणि बाळंतपणाच्या आत!

पण वाजवणार कोण? वैशाख होता मंडळी. हलगीवाले लग्नात, बँडवाले वरातीत, सगळे सनईवाले मांडवात. अख्ख्या गावात एकच सनईवाला रिकामा. का रिकामा, ते मी सांगायला नको!

काकू वखारीमागं गेल्या.

"विलासराव, देवीला ओटी न्यायचीय. वाजवाल?"

विलासराव उभेच राहिले. "मला बोलावताय? काकू, हे माझं पहिलंच बोलावणं." आणि मग, हात पुसत, "नवस कशाचा होता?"

मेघनाच्या तब्येतीचा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जिभेवर आलंही होतं. पण समोरचा माणूस घर मिळत नसताना खोटं बोलला नव्हता.

"तुम्ही घर सोडावं म्हणून बोलले होते."

"म्हणजे मला घालवल्याचा आनंद मीच वाजवायचा?"

"हो."

नंदानं भिंतीकडे तोंड करून हसू दाबायला पदर दातांत धरला. तिचे खांदे हलत होते. विलासरावांनी तिच्याकडे बघितलं आणि खुंटीवरची सनई काढली. "चला. ऊन चढायच्या आत जाऊ."

पुढे काकू खण-नारळ घेऊन, मागे विलासराव. गल्लीतली सगळी दारं उघडली. वाजली कशी? वाजायची तशीच! देवीनंही मुकाट्यानं ऐकली. ती बिचारी करणार काय, तिला कुठं घर बदलता येतं?

ओटी भरून झाल्यावर काकूंनी हात जोडले, पण देवीकडे काही मागितलं नाही. त्या मागे वळल्या.

"विलासराव, बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत या वर. पण सकाळी सातच्या आधी नाही, आणि दुपारी बाळ झोपलं की अजिबात नाही. जमेल?"

"जमेल की."

दोन शब्द. ज्यासाठी चौकी, वकील आणि देऊळ झालं होतं, ते दोन शब्दांत संपलं.

मेघनाला मुलगी झाली, धडधाकट. आणि असा गळा लाभलाय तिला, की गुरव पुन्हा राहायला आले त्या आठवड्यात विलासरावच खाली आले. "काकू, माझ्या रियाजाच्या वेळी हिला जरा..."

मंडळी, आता तुमची पाळी. वरच्याचा मिक्सर, शेजारच्याचा टीव्ही, समोरच्याचं कुत्रं – सगळ्यांची यादी तुमच्याकडे पाठ आहे. देवापुढे रोज वाचूनही दाखवता. देवाला सोडा! जिना चढा, बेल दाबा, कारण सांगा. आणि स्वतःला फार गरीब गाय समजू नका. रोज सकाळी तुम्ही घरात खुर्ची ओढता, तेव्हा तुमच्या खालच्या मजल्यावर कोण कुठल्या देवीला काय बोलतंय, कधी जाऊन विचारलंयत?