तीट नसलेली पाकिटं

अवं, त्या पुसदच्या दुकानदारानं मले वकिलाची नोटीसच धाडली ना! म्हणे, मी घरी कुटून पाकिटात विकते त्या तिखटात भेसळ निघाली, कोर्टात खेचतो. कडेवर आठ महिन्यांचं लेकरू घेऊन मी कोर्टात जाऊ?

मी अन् माह्या नवऱ्यानं यवतमाळची एक वकीलताई गाठली. तिनं आम्हा दोघांले अन् त्या दुकानदाराले आपल्या घरी बोलावलं. त्यानं पाकिटं पुढं टाकली. लेबल हुबेहूब माझंच होतं. मी घाबरत घाबरत एकाची घडी उलगडली, मग दुसऱ्याची, अन् ओरडलीच, "हे माझं नोहे! याले तीट कुठी हाय?"

"कायची तीट?" ताई म्हणाली.

"काजळाची! लेकराले लावते तशी हर पाकिटाच्या घडीत लावते मी. धंद्याले नजर नको लागाले."

दुकानदार हसला. ताई मात्र उठून सैपाकघरात गेली अन् बाजारातून घेतलेलं माझंच पाकीट घेऊन आली. घडीत काळा ठिपका!

"आता सांगा भाऊ, हे लेबल कुठी छापलं?" ताईनं विचारलं. आपल्याच नकली पाकिटातली भेसळ माह्या माथी मारत होता तो! त्यानं मान खाली घातली अन् तिथंच नोटीस मागं घेतली.

"पुडीले कोणाची नजर लागते वं?" म्हणून माह्यावर हसणारा नवरा आता स्वतःच ओरडते, "अवं, थांब, याले तीट राह्यली!"