किसनच्या रीतीचा डाव

सूर्यभान : हळू बोला वयनी. तो अंगणात बैलाले पाणी पाजून राहिला, ऐकू जाईन त्याले.

मैनाबाई : कोण हाये तो? आन् तुमी असे घामानं काहून भिजले भाऊजी? अमरावतीले कापूस मोजला नाई काय?

सूर्यभान : मोजला, मोजला. भाव बी सोन्याचा भेटला, दर्यापल्याडच्या कापसाच्या मुलखातली लढाई चालूच हाये म्हणतात. पण गाड्यांची रांग मोठी होती, म्हणून आमी गाडीवाले तळावर पत्ते खेळत बसलो. सरकीवर. दोन दाणे, चार दाणे, पैसा नाई. तीन-तीन पानं वाटाची, आपली पाहाची. आवडली त बसाचं, नाई त फेकाचं.

मैनाबाई : मले काहून सांगता? तुमाले खेळ शिकवला त तुमच्या दादानंच.

सूर्यभान : तेच त सांगून राहिलो! हा माणूस नवा येऊन बसला. पह्यल्याच डावात पानं फेकली. बाजूच्यानं उलटून पाहिली, त एक्का, सत्ती न् चव्वी. सारे हसाले लागले, एक्का कोणी फेकते काय! मी नाई हसलो वयनी.

मैनाबाई : ते बी फेकत.

सूर्यभान : दादा म्हणे, एकटा एक्का माणसाले बसोते आन् बुडोते. जोडी असन त बसा. तिन्ही पानं एका रंगाची असन त बसा. राजा-राणी लागून असन त एक खेप पाहा. बाकी फेका न् चिलीम ओढा. हा तसाच फेकत गेला. पानं पालथी ठेवून बोटानं जराशी पुढं लोटते ना, तेही तसंच.

मैनाबाई : शहाणी माणसं सारी तशीच खेळत असतीन.

सूर्यभान : मीबी मनाले तेच सांगतलं. मंग एका डावात त्याच्याजवळ दुर्री, पंजी आन् बदामची राणी. कवडीच्या मोलाची पानं. दादा असता त...

मैनाबाई : बसले असते.

सूर्यभान : हा बसला! हरला, पानं उघडी केली, आन् गालातल्या गालात हसला. माह्या मुठीतली सरकी सांडली वयनी. वाटलं, मान वर केली त दादाच दिसन.

मैनाबाई : तोंड कसं हाये त्याचं?

सूर्यभान : दादाचं नाई. हा बुटका हाये, काळा. दादा नाई तो.

मैनाबाई : मी कुठं म्हटलं?

सूर्यभान : तुमी दाराकडं पाहून राहिल्या.

मैनाबाई : पाहीन नाई त काय करू? गाड्यांच्या तांड्यातले लोक पटकीच्या भेवानं त्यायले झाडाखाली ठेवून पुढं गेले. आपली गाडी आणून देल्ली, आन् म्हणे, आमी निघालो तवा जीव होता. जीव होता ना? सासूबाई रोज म्हणतात कुंकू पूस. कोण्या तोंडानं पुसू? दुसरं वर्स सरून राहिलं. दुपारी डोळा लागला की ओट्यावर वहाणा वाजतात. उठून पाहते त कोणी नाई. तरी दाराले कडी नाई लावत मी.

सूर्यभान : मी त्याले इचारलं, हे कोणं शिकवलं? तो उठून उभाच राहिला. म्हणे, तुमी ही रीत ओळखता? मी म्हटलं, माह्या भावाची हाये. त म्हणे, भाऊजाय हाये काय घरी? तिच्यासमोर सांगीन. मंग माह्याच गाडीत बसून आला.

मैनाबाई : बलवा त्याले.

(भगवंत ओट्यावर येऊन बसतो. मैनाबाई दाराआड उभी राहते.)

भगवंत : राम राम बाई. मी भगवंत, मोर्शीकडचा माळी. तवा आगगाडी अकोल्याले पोचली नोती. रूळ टाकणाऱ्याइले मिरच्या न् वांगे इकाले नेत होतो. वाटेत लिंबाखाली एक माणूस पडेल दिसला.

मैनाबाई : रोग होता त्यायले. तुमाले भेव नाई वाटलं?

भगवंत : त्याच रोगानं माही बायको न् पोरगी गेली होती, तेरवी बी झाली नोती. भ्याले काही उरलंच नोतं बाई. पाणी पाजलं. जात त्यायनं नाई इचारली, मीबी नाई.

सूर्यभान : नाव-गाव तरी इचारलं असन?

भगवंत : किसन म्हणाले. गाव इचारलं की जीभ वळत नसे. मंग एक दिवस उतार पडला. उठून बसले, कमरेचे पत्ते काढले. मले वाटलं, वाचले आता, गाव उद्या इचारीन. मले खेळ येत नोता. मी सारीच पानं धरून बसो. त म्हणत, "माळीबुवा, वाफ्यातली सारी रोपं ठेवता काय तुमी? दाट झाली की उपटता ना? तसंच फेका."

मैनाबाई : हसत होते?

भगवंत : हसत होते बाई.

मैनाबाई : आन् बदामची राणी?

भगवंत : मी म्हटलं, हिच्यापायी हरता, हिले काहून ठेवता? त म्हणे, ही घरची हाये. हिले फेकवत नाई.

सूर्यभान : आन् मी जल्मभर त्याची टर उडोली! म्हणे, दादाले त्या राणीचं येड हाये...

मैनाबाई : भाऊजी, थांबा जरा. मंग?

भगवंत : संध्याकायी पुन्हा उलट्या झाल्या. दिवस निघता निघता गेले.

मैनाबाई : तुमी सोता पाहिलं?

भगवंत : डोकं माह्या मांडीवर होतं.

सूर्यभान : अग्नी... अग्नी कोणं देल्ला?

भगवंत : मीच. लाकूड नोतं. शेजारच्या वावरात कापसाची वेचणी झाली होती, तिथल्या पऱ्हाट्या उपटल्या. लवकर पेटतात आन् लवकर इझतात. घालतच राहिलो. राख पूर्णेत सोडली.

सूर्यभान : मंग इतके दिवस काहून नाई आले सांगाले?

भगवंत : कोणाकडं येऊ? किसन त गावोगाव. गाड्यांच्या हर तळावर इचारलं, कोणाले ठाव नाई. मंग सुचलं, नाव धा जणाचं असते, खेळाची रीत नसते. म्हणून त्यायच्यासारखा खेळत गेलो. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर. एक्का फेकला की लोक हसत. मी तोंडं पाहो. न हसणारा कोणी दिसते काय.

सूर्यभान : बापा!

मैनाबाई : तिथी कोणती होती?

सूर्यभान : वयनी, आत्ताच काहून...

मैनाबाई : पिंड ठेवा लागन भाऊजी. मी मेली दारच उघडं ठेवत राहिली, ते तिकडं उपाशी.

भगवंत : भोगी होती बाई. बाया तीळ लावेल भाकरी घेऊन वावराकडं चालल्या होत्या.

मैनाबाई : भोगी?

भगवंत : हो.

सूर्यभान : वयनी, बसा. खाली बसा तुमी.

मैनाबाई : त्या दिशी कासारीन आली होती. दोन्ही हातात हिरवा चुडा भरला मी. म्हणे, बाई, एकबी बांगडी नाई फुटली, शकुन मोठा चांगला हाये.