निशूचा आखूड दोर

मंडळी, एक सांगा — मन ताब्यात ठेवा म्हणतात, ते ठेवायचं कुठं? खुंटीला टांगून? बरणीत, मिठात घालून? आमचे एक काका म्हणायचे, दातांखाली दाबून. त्यांचे दात फार लवकर पडले. हसलात? हसा, कथेत हसू चालतं — रडूही चालतं.

तर ऐका. खाडीकाठी कांदळपाडा गाव. तिथं भिवा तारी, माणसांना होडीतून पैलतीरी नेणारा. त्याची लेक निशिगंधा — निशू. विशीतली पोर. तिचं मन कसं? सकाळी भाकरी फुगली म्हणून नाचेल, दुपारी तीच कावळ्यानं नेली म्हणून रडेल, संध्याकाळी कावळा जेवला म्हणून पुन्हा खूश. पण कधी कधी काहीच घडलेलं नसायचं, तरी छातीवर जातं ठेवल्यासारखी दाराआड बसून राहायची. "काय झालं गं?" "ठाऊक नाही, आई." आणि खरंच ठाऊक नसायचं, मंडळी.

भरती आली बाई, माझ्या अंगणी मावेना
ओहोटी लागली, घागर पाण्याला पावेना

त्या वर्षी भिवाचा हात मोडला. जत्रेला देवीची पालखी खाडीपार न्यायचा मान त्याच्या घराचा. आता वल्हं निशूच्या हाती. गावचे मानकरी दाजी म्हणाले, "ही? अर्ध्या खाडीत हिला रडू फुटलं तर देवीनं काय पोहत जायचं? मान दुसऱ्या घराला देऊ."

भिवा म्हणाला, "एक डाव बघा तरी."

निशूनं मनाशी ठरवलं — आज हसू नाही, रडू नाही. आज मी दगड. पहाटे भरतीच्या पाण्यावर होडी सजवली. झेंडूच्या माळा, नारळांची रास. आणि धक्क्याच्या खांबाला अशी आवळून बांधली की हूं नाही की चूं नाही. खाडीकाठची पोर ती, दोराला ढील ठेवायची हे तिला ठाऊक! पण मन आवळता आवळता दोरही आवळला गेला. पाणी थोडंच कुणाच्या शपथेवर थांबतं?

दुपारी ढोल वाजवत पालखी आली. बघतात तो — ओहोटी लागलेली, आणि होडी नाकानं टांगलेली, बाजारातल्या सुरमईसारखी. नारळ चिखलात. आणि एक खेकडा गळ्यात झेंडूची माळ घालून नवरदेवासारखा निघालेला, तिरका तिरका.

निशूला हसू फुटलं. हसता हसता रडू.

"बघा," दाजी म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

भिवा जवळ आला. "दोर एवढा आखूड?"

"हलू नये म्हणून, बाबा."

"खुळे, होडी हलायचीच. सुटू नये म्हणून बांधतात."

तशी निशू कोयता घेऊन वाकली, दोर तोडला. होडी धप्पकन चिखलात, नि चिखल दाजींच्या कोऱ्या धोतरावर. ढोलवाले तोंड फिरवून हसले. मग सगळे पाण्याची वाट बघत बसले. निशू बापाशेजारी बसून पोटभर रडली. कुणी गप्प हो म्हटलं नाही. पाणी चढलं, होडी उचलली गेली.

"बसा, दाजी."

"अगं, तू अजून रडतेस."

"रडतेय. पण वल्हं मारायला डोळे कोरडे लागत नाहीत."

निघाली होडी. मध्यावर निशूला खेकडा आठवला, ती खुदकन हसली, होडी डुलली, पालखी डुलली. दाजींनी काठ घट्ट धरला. "आता काय झालं?"

"काही नाही. बरं वाटतंय."

पैलतीर आला. दाजींनी चिखलात पडलेला नारळ धुतला, देवीपुढं फोडला, पहिलं शकल निशूच्या हातावर ठेवलं. म्हणाले, "पुढल्या वर्षी धोतर जुनं नेसेन."

आता तुमच्याकडे वळतो. घरी पोर दाराआड बसली की तुम्ही काय म्हणता? "तुला कसलं आलंय दुःख?" हाच तो आखूड दोर. आणि पोरांनो, पाणी फार दिवस परतलं नाही, तर एकट्यानं चिखलात बसू नका — हाक मारा. ती लाज नव्हे.

चला, नाम घेऊ. हसू येतंय त्यानं हसत घ्या, रडू येतंय त्यानं रडत घ्या. देवाला दोन्ही आवाज ओळखीचे आहेत.