बटणं गल्लीत, दिवा घरात

अकरा तारीख, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं, घर नंबर चौतीस, उत्तरेची बाजू. हे आधी लिहून घ्या, मग पुढचं. नाही, 'सकाळच्या सुमारास' नको — सुमारास काही होत नसतं, सगळं कुठल्या तरी मिनिटाला होतं. तेहतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते मी, साक्षीदार 'सुमारास' म्हणाला की न्यायाधीशांच्या आधी माझं पेन थांबायचं. तर अकरा दहाला क्रेननं भिंत उचलली आणि अकरा बावन्नला बसवली. बेचाळीस मिनिटांत अख्खी भिंत — आमच्या वडिलांच्या घराला गवंड्यानं तीन महिने घेतले होते, आणि ओळंबा म्हणून काही वस्तू असते हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. कारखान्यात ओतून आलेली भिंत, दोन्हीकडून काँक्रीट, मधे वीतभर फोम, खिडकीची चौकटसुद्धा आधीच बसवलेली. पाण्याचा थेंब नाही, वाळूचा ढीग नाही. मी तर टाळी वाजवली. मग सगळं जोडून झाल्यावर आत आले आणि दिवा लावायला हात भिंतीवर फिरवला — फिरवतेय, फिरवतेय — बटण कुठाय? बटण गल्लीत.

हसा, हसा. सगळे हसतात. तुम्ही तर इंजिनिअर, तुम्हाला हसण्याचा पहिला हक्क. अहो, खिडकी बरोब्बर मध्यावर, तिथंच घोटाळा — कडेला असती तर भिंत उलटी बसलीच नसती. मध्यावर होती म्हणून उलटी बसली आणि फिट्ट बसली. बाण होता की, हा एवढा, लाल, खाली लिहिलेलं 'आतली बाजू'. क्रेनवाला म्हणाला, बाई, मी उचलतो, वाचत नाही. बसवणारे म्हणाले, आम्ही वाचलं, पण आम्ही उभे होतो बाहेर आणि बाण आमच्याकडं तोंड करून होता, आम्हाला वाटलं आम्हीच आत आहोत. मग वायरमन आला. त्याच्या नकाशात बोर्ड उत्तरेच्या भिंतीवर — भिंत उत्तरेचीच होती, त्याचं काय चुकलं? त्यानं बोर्ड जोडले आणि वर पावसासाठी प्लास्टिकचं झाकण लावलं. म्हणजे पाऊस लागेल एवढं कळलं. पाऊस का लागेल, तिथवर काही डोकं गेलं नाही.

तिथं टेकू नका, शर्टाचे धागे निघतील. बाहेरची खडबडीत बाजू आत आलीय ना. पाठ खाजवायला मात्र उत्तम — हे तुमच्या अहवालात नको.

गारवा? गारवा आहे, तुमचं ते तापमान मोजायचं पिस्तूल लावून बघा हवं तर. किती? अठ्ठावीस. आणि बाहेर एकोणचाळीस. मी म्हटलंच होतं, फोम बिचारा मधे बसलाय, त्याला कुणाचं तोंड कुठं याच्याशी काय देणंघेणं. भिंतीत दोष नाही हो, माणसांत आहे.

तर पहिला आठवडा गल्लीची करमणूक झाली. मी पेपर उघडला की गल्लीतली पोरं दिवा घालवायची. दूधवाला जाता जाता विचारायचा, काकू, पंखा तीनवर करू का? मी बाहेर जाऊन करायची, आत येऊन बसायची, पुन्हा उठायची — आणि हे गुडघे म्हणजे सरकारी फायलीच, हलता हलत नाहीत. म्हणून तर तक्रारी लिहिल्या. चार लिहिल्या, क्रमांक घालून, प्रतींसह. तुमच्या साहेबांनी तीन वाचल्या नाहीत हे मला माहीत आहे, कारण चौथीत मी तिसरीतला एक मुद्दा मुद्दाम उलटा लिहिला होता आणि कुणी विचारलं नाही.

आता तुम्ही आलात. सोमवारी क्रेन येणार, भिंत काढून सुलट बसवणार, इथं सही करायची. चांगलं आहे. फारच चांगलं आहे. — चहा घ्या ना, गार होतोय.

शेजारी, पस्तीसमध्ये? पस्तीसमध्ये आमच्या जाऊबाई. घरांच्या सोडतीत शेजारचा नंबर निघाला, चिठ्ठीला काय कळतं. चार वर्षं बोलत नाही आम्ही. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून. नाही हो, दोघींनाही शिवता येत नाही — पण मुद्दा तो नव्हता. ते जाऊ द्या. तिचा काही संबंध नाही. म्हणजे झालं असं की दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी या खुर्चीत बसलेली, अंधारत आलेलं, उठायचा कंटाळा — आणि दिवा आपोआप लागला. सहा चाळीस. खिडकीतून बघते तर हिची पाठ, फिरायला निघालेली, मान ताठ. दुसऱ्या दिवशी तेच. सहा चाळीस. मग मी झोपायला पडदा ओढला की पाच मिनिटांत दिवा बंद. दुपारी उकडलं की पंखा एकवरून दोनवर, तीनवर कधीच नाही, कारण तिला ठाऊक आहे मला वाऱ्यानं सर्दी होते. बोलणं? छे, भांडण आहे ना आमचं. भांडण वेगळं, दिवा वेगळा.

चौथी तक्रार टपालात टाकली आणि त्याच आठवड्यात मी तापानं पडले. सकाळी पडदा उघडला नाही. तिनं म्हणे बाहेरून दिवा तीनदा लावला, तीनदा घालवला. पडदा हलेना. मग त्याच वायरमनला पुढच्या गल्लीतून धरून आणलं आणि कडी तोडली. तीन दिवस या स्टुलावर बसली, माझ्याशी एक अक्षर नाही. बोलायची ती डॉक्टरशी, माझ्यादेखत — 'या बाईंना सांगा, गोळ्या गिळायच्या असतात, चघळायच्या नसतात.' मीही डॉक्टरलाच म्हटलं, त्या बाईंना सांगा, पेज खारट झालीय.

काय म्हणालात? भिंत राहू द्यायची आणि आत एक जादा बटण, जिन्यात असतं तसं, दोन्हीकडून चालणारं? हुशार आहात. नको. आत बटण आलं की ती म्हणेल, आता हिला काय गरज. आणि मी तरी कुठल्या तोंडानं — नको, नको. हे लिहू नका. खोडा. तुम्ही भिंतीसाठी आलात, भिंतीचं बोलू.

सही मी करणार नाही. तक्रार मागे? मागेही घेणार नाही, तक्रार माझी खरी आहे. थांबा, चष्मा लावते. हे बघा, तुमच्याच कार्यालयातून अर्ज करून काढलेली तपासणीच्या दाखल्याची नक्कल. 'घर नंबर चौतीस, उत्तर भिंत, आतून व बाहेरून तपासली, बटणे योग्य जागी आढळली.' खाली सही, शिक्का, तारीख. तारीख वाचा. मोठ्यानं वाचा. नऊ. भिंत आली अकराला. मग नऊला हा गृहस्थ कशाच्या आत गेला आणि कशाच्या बाहेर आला? नाव कुणाचं ते वाचता येत नाही, नुसता एक फराटा आहे. ही माझी पाचवी तक्रार, आताच देते, पोच द्या. आणि चौकशी पुरी होईपर्यंत पुरावा जागचा हलवू नये, असं मी तेहतीस वर्षं टाइप केलंय. ही भिंत पुरावा आहे. क्रेनला कळवा.

असे घाईनं उठू नका, किती वाजले? मग जरा गप्प बसा. गप्प.

बघा. लागला. सहा चाळीस. मान वळवू नका, तिला कळेल तुम्ही आत आहात. कोण ते विचारू नका, तो प्रश्नच नाही. प्रश्न कागदावर आहे — अकराला आलेली भिंत नऊला कुणी तपासली. उत्तर आणा, मग सोमवारचं ठरवू. या आता. दार हळू लावा.