खोलीचं कार्ड

नाई जी रोशनभाऊ, थे आवतनाचे कागद बॅगेतच ठेवा, औंदा डीलर-मीटिंगले मी येत नाई. काऊन म्हन्ता? — नवीन लागले तुमी कंपनीत, तुमाले मालूम नाई. बाकी अख्ख्या देवळीले मालूम हाये. बसा, माही घरवाली अंजू चहा मांडून राह्यली आत. — अरे, फोटो तं थ्याच हॉटेलचा छापला हाये! थेच नारळाचे झाडं, थेच पांढऱ्या छत्र्या. राह्यलो ना मी तिथं मांगच्या साली. गेलतो बियाण्याच्या कामानं, पन थाट पाहा — गादीवर बसलो तं उठता येईना, गॅलरी उघडली का सामने समुद्र. आन मी देवळीचा मानूस, धरनापेक्षा मोठं पानी पाह्यलं होतं काय कधी? नाई पाह्यलं. निंगताना आमची बुढी म्हणे, "कैलास, मले समुद्र दाखवजो रे फोनवर." ब्याऐंशी वर्साची माय, तीन महिन्यापासून बाजेवर. मागितलं काय तिनं? साडी नाई, तीर्थ नाई. फोनवर समुद्र. मी म्हणलं, पोचल्या पोचल्या दाखवतो.

मंग काय झालं — सगळ्यायले सांगतलं, तुमालेबी सांगतो. तिथं खोलीत शिरलं का दाराजवळच्या खाचीत कार्ड खोचा लागते. कार्ड खोचलं तं लाईट, काढलं तं सगळं बंद. आपल्याले काय मालूम? फोन उतरला होता, चार्जिंगले लावला, कार्ड काढून खिशात टाकलं आन गेलो खाली जेवाले. लाईटच नाई तं चार्ज काय होईन, कप्पाळ! इकडं बुढी अंजूच्या मांगं लागली, लाव फोन, लाव फोन. अंजूनं तिले टेकू देऊन बसवलं, चष्मा लावून देल्ला, डोक्शावर पदर घेऊन देल्ला. आन माहा फोन बंद. दिवेलागनीले बुढी गेली. चष्मा तसाच डोयावर. मी पोचलो दुसऱ्या दिवशी. लोकं म्हणे, कैलासचा काय दोष, थ्या कार्डाचा दोष. भावानंबी मानलं. अंजू तं आल्यागेल्याले समजावून सांगते खाच कशी असते थे — बोटानं दाखवते, एवढी, अशी.

आन तिथं कसं असते, भाऊ — पोहन्याच्या टाक्याजवळ खुर्च्या मांडल्या होत्या, सगळे मोठे साहेब, त्यायच्या बायका, कोनी मोठ्यानं बोलेना. मी बियाणं इकन्यात तालुक्यात पयला आलतो ना, मले पयल्या लाइनीत बसवलं. आमची बुढी कानानं कमी — फोनवर अशी बोंबलते का गल्लीभर ऐकू जाते. तोंडात दात नाई, मांगं पोपडे निंगालेली भित, बाजेखाली भांडं. दोनदा फोन वाजला. तिसऱ्यांदा वाजला तं बाजूचे साहेब हसून म्हणे, "कैलासजी, उठाइये ना, घर से होगा" — मी म्हणलं, नहीं सर, राँग नंबर —

काय?

बंद होता म्हणलो ना मी. हो. म्हणलो.

हळू बोला. अंजू आत हाये. — खिशात होता, भाऊ. चालू होता. अंजूचं नाव आलतं, व्हिडीओचा फोन. समुद्र सामनेच होता, नुसता हात फिरवाचा होता. लाज वाटली मले. माह्या मायची लाज वाटली. तीन डाव कापला आन मंग बंदच करून टाकला. कार्डाचं परत येतानी गाडीत सुचलं. लोकायनं इतक्या लवकर मानलं का आता मांगं फिराले जागाच नाई. अंजू एकदाच म्हणे, "घंटी तं जात होती जी." मी म्हणलं, बंद फोनावरबी जाते. थवापासून खाच दाखवून राह्यली लोकायले. तिनं मानलं का नाई मानलं, मले नाई मालूम. इचारू कसा? सव्वा वर्स झालं, एका ताटात जेवतो आमी. मरेपर्यंत असंच चालनार हे, याले औषध नाई.

उठा आता. फोटोबी घेऊन जा थो. बाहेर कोनी इचारलं तं कार्डाचंच सांगजा. — अंजू, चहा राहू दे वं. साहेब चालले.